भाड्याने घर घेण्यापूर्वी काय पाहावे

मूल बारावी झाले की आपल्या संतपूर, औराद, कमलनगर भागातल्या घरांत पहिला प्रश्न येतो तो खोलीचा. कोणी बीदरला जातो, कोणी उदगीर-लातूरला शिकवणीसाठी, कोणी नोकरीसाठी हैदराबाद, पुणे, बेंगळुरूला. घर पसंत पडले की आपण लगेच पैसे मोजतो आणि कागद नंतर पाहतो. हा क्रम उलटा हवा. म्हणून सभासद कुटुंबांच्या माहितीसाठी हे टिपण देत आहोत.

भोग्याचे घर : सर्वांत जास्त जपावे ते इथे

कर्नाटकात महिन्याच्या भाड्याऐवजी एकरकमी पैसे देऊन घर घेण्याची रीत आहे. तिला भोग्य म्हणतात. मुदत संपली की मालकाने पूर्ण रक्कम परत करायची. भाडे वाचते म्हणून लोकांना हे सोयीचे वाटते.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने सोयाबीनचे आणि घरातले साठवलेले मिळून चार लाख रुपये असे दिले. कागद शंभराच्या मुद्रांकावर होता. मालकाची सही होती, दोन साक्षीदार होते, नोंदणी मात्र नव्हती. दहाव्या महिन्यात दारावर बँकेची नोटीस चिकटली. घर आधीच गहाण होते. ते आमच्याकडे कागद घेऊन आले, पण तेव्हा फार उशीर झाला होता. आयुष्यभर गहाणखते तपासूनही आम्हाला त्यांना दिलासा देता आला नाही, कारण आधी गहाण घेणाऱ्या बँकेचा हक्क आधी येतो. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला दिवाणी दावा न लावताही तारण घराचा ताबा घेता येतो.

म्हणून रक्कम देण्यापूर्वी :

१. मूळ खरेदीखत पाहायला मागा. मालक फक्त झेरॉक्स दाखवत असेल तर मूळ कागद कुठे आहे ते विचारा. बहुधा ते बँकेत असते.

२. उपनिबंधक कार्यालयातून किंवा कावेरी संकेतस्थळावरून बोजा प्रमाणपत्र (ईसी) काढा.

३. कागद जमा ठेवून केलेले गहाण ईसीत दर वेळी दिसतेच असे नाही. बँकांच्या तारणांची नोंद २०११ पासून सेरसाई या केंद्रीय नोंदवहीत होते. शुल्क भरून कोणालाही ती पाहता येते.

४. घर ताब्यात देऊन केलेले गहाण १०० रुपये किंवा जास्त रकमेचे असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ प्रमाणे त्याची नोंदणी लागते. त्यामुळे भोग्याचा कागद नोंदवूनच घ्या. पैसे बँकेतूनच द्या, रोख नको.

साधे भाडे : करारनामा

कराराची मुदत ११ महिन्यांची का असते? नोंदणी कायदा, १९०८ प्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. तो खर्च टाळण्यासाठी ही पद्धत पडली. महाराष्ट्रात मात्र ही सवलत नाही. तिथल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. मुले पुण्याला किंवा लातूरला जात असतील तर हे ध्यानात ठेवा.

करारात भाडे, अनामत, अनामत परत करण्याची मुदत, रंगरंगोटीची कपात, दरवर्षीची भाडेवाढ आणि नोटिशीचा काळ आकड्यांत लिहून घ्या. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावी असे म्हटले आहे. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. पण बोलणी करताना आधार म्हणून सांगता येतो.

करार कन्नडमध्ये असेल आणि आपल्याला नीट वाचता येत नसेल तर जाणत्या माणसाकडून ओळ न ओळ वाचून घ्या. "नंतर वाचू" म्हणून सही करू नका. मालकाशी कागदावर बोलणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे नव्हे.

दर महिन्याची पावती घ्या. वर्षाचे भाडे एक लाखाहून जास्त असेल आणि नोकरदार मुलाला घरभाडे भत्त्याची करसवलत हवी असेल, तर मालकाचा पॅन क्रमांक लागतो. तो आधीच मागून ठेवा.

वीज आणि पाणी

जेस्कॉमच्या बिलावरील आरआर क्रमांक आणि थकबाकी पाहा. गृहज्योती योजनेत भाडेकरूलाही लाभ मिळतो. २०२२-२३ च्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून, जास्तीत जास्त २०० युनिटपर्यंत. आधीच्या भाडेकरूचे आधार जोडलेले असेल तर ते काढून घ्यायला सांगा.

पाण्याची चौकशी शेजाऱ्यांकडे करा, आणि ती एप्रिल-मे महिन्यांची करा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. बोअरचे पाणी केव्हा आटते, टँकरचे पैसे कोण देतो, हे विचारून ठेवा.

भिंत आणि छत

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सर्वाधिक जीव गेले ते मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर जड माळवद असलेल्या घरांत. आपल्या भागात अशी जुनी घरे अजून भाड्याने दिली जातात. भिंत पोट काढून आली असेल, कोपऱ्यातून तिरकी भेग गेली असेल तर भाडे कितीही कमी असले तरी ते घर नको. काळ्या जमिनीवरच्या नव्या घरांनाही भेगा पडतात, कारण ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. भेग नुसती गिलाव्याची आहे की भिंतीतून आरपार गेली आहे, ते गवंड्याला दाखवा.

ताबा घेताना मीटरचे आकडे, नळ, पंखे, दारे यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा. घर सोडताना अनामतीवरून होणारे वाद बहुतेक इथेच मिटतात.

कागद पैसे देण्यापूर्वी दाखवा, दिल्यानंतर नाही. शंका असल्यास मंडळातील जाणत्या सभासदांना जरूर विचारावे, त्यात संकोच नको.