डांबरानंतरची माती

मोटरसायकल आली तेव्हा तिला मातीवाचून दुसरा रस्ताच नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा युरोपातला चालक खडी, धूळ आणि घोडागाड्यांच्या चाकोऱ्या यांतूनच गाडी काढत असे. तो त्याचा नाइलाज होता. धड रस्ता सोडून मुद्दाम मातीत गाडी घालण्याचा शौक पुढे आला, आणि माझं म्हणणं असं की तो डांबरामुळे आला. रोजचा रस्ता सुधारल्याशिवाय खराब रस्ता कुणी हौसेने शोधत नाही.

ब्रिटनमध्ये 1910च्या सुमारास स्थापन झालेल्या रोड बोर्डाने आपला बराचसा पैसा डांबरीकरणावर घातला. त्यानंतर, 1924 साली, कॅम्बर्लीच्या माळरानावर पहिली स्क्रॅम्बल, म्हणजे माळरानावरची मोटरसायकल शर्यत, झाली. यावर कुणी म्हणेल, कार्लाइलची सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय चाचणी तर 1913 सालची आहे. खरं आहे. पण तिथे कस लागत होता तो गाडी टिकते का याचा, कारण त्या काळी गिऱ्हाइकाला तशाच वाटांवरून जायचं होतं. कॅम्बर्लीत चढ-उतार आणि चिखल पार करून सर्वांत आधी पोहोचणं एवढंच महत्त्वाचं होतं. खेळ तिथून सुरू झाला.

अमेरिकेत हे आणखी स्पष्ट दिसतं. 1956च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणायला घेतलं, आणि त्याच सुमारास कॅलिफोर्नियातले तरुण ट्रायम्फसारख्या रस्त्यावरच्या गाड्या घेऊन मोहावीच्या वाळवंटात उतरू लागले. गाडी घरीच सोलायची: दिवा, आरसे, जड मडगार्ड काढून टाकायचे, सायलेन्सर दगडाला लागू नये म्हणून वर उचलून घ्यायचा, इंजिनाखाली पत्रा ठोकायचा, मागचं स्प्रॉकेट मोठं बसवायचं म्हणजे वेग कमी झाला तरी ओढ वाढते. तरीही 650 सीसीचं ते धूड दीडशे किलोंच्या वरच राहायचं. वाळूत पुढचं चाक रुतलं की ब्रेक दाबायची रस्त्यावरची सवय अंगाशी येते. तिथे फूटरेस्टवर उभं राहून वजन मागे न्यायचं आणि रेस सोडायची नाही, हे हातापायांना नव्याने शिकवावं लागे. 1962 साली डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन यांनी होंडाच्या स्क्रॅम्बलरवर तिहुआनापासून ला पाझपर्यंतचा मेक्सिकोतला बाहा द्वीपकल्प सुमारे 40 तासांत पार केला. ती गाडीही मूळच्या रस्त्यावरच्याच मॉडेलवरून बेतलेली होती.

हा शौक कंपन्यांच्या जाहिरातींनी पेरला, हा आक्षेप मला पटत नाही. यामाहाची डीटी-1 आली 1968 साली. टू-स्ट्रोक, 250 सीसी, वजन सव्वाशे किलोंच्याही आत, आणि दिवे असल्यामुळे घरापासून माळापर्यंत चालवत नेता येणारी. तिने हजारोंना मातीत आणलं यात शंका नाही. पण तिचं गिऱ्हाईक आधीच गॅरेजमध्ये पान्हे घेऊन बसलेलं होतं.

खरा अवघड प्रश्न भारताचा आहे. इथे राजदूतपासून स्प्लेंडरपर्यंतच्या गाड्या दुधाच्या किटल्या लादून पाणंदीतून जात आल्या. मग मातीसाठी बनवलेली गाडी इथेच आधी खपायला हवी होती. तसं झालं नाही. हीरोची इम्पल्स 2011 साली आली आणि काही वर्षांतच बंद झाली. तिची ताकद कमी पडली, हे कारण अर्थातच मोठं होतं. पण पाणंदीतून रोज जाणाऱ्याला उंच सीट आणि लांब खेळाचे शॉकअप नको असतात. त्याला पाय टेकणारी, कमी पेट्रोल पिणारी, कॅरिअरवर ओझं पेलणारी गाडी लागते. सुवर्ण चतुष्कोण महामार्ग झाला, 2000 साली सुरू झालेली ग्रामसडक योजना खेड्यांपर्यंत पोहोचली, आणि त्यानंतर 2016 साली हिमालयन, 2019 साली एक्सपल्स या गाड्या टिकून राहिल्या. त्या घेणाऱ्यांतले बरेचसे शहरातले; आठवडाभर डांबरावरून कामावर जाणारे, आणि सुट्टीला सह्याद्रीतली कच्ची वाट शोधणारे.