रास्पबेरी पायपासून घरगुती हॅन्डहेल्ड गेम मशीन : काय लागतं, कुठे अडतं, किती खर्च येतो

बडोदा : नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. तिथून सुरतेला गाडी बदलून बडोद्याला शिकायला जाणारी मुलं आपल्या भागात कमी नाहीत. ती सुटीत घरी आली की धाकट्या भावंडांचा एक प्रश्न हमखास येतो : खिशात मावणारी व्हिडिओ गेम घरी बनवता येते का?

येते. पण स्वस्त पडेल म्हणून बनवायला बसू नका. सुटे भाग, मेमरी कार्ड, बॅटरी आणि केस मिळून साडेचार-पाच हजार रुपये सहज जातात, आणि तेवढ्यात बाजारात चिनी बनावटीची तयार मशीन मिळून जाते. घरी बनवण्यात फायदा वेगळा आहे : स्क्रीन, आवाज, चार्जिंग आणि बटणं एकमेकांशी कशी जोडलेली असतात ते एकदा हाताने केलं की मोबाईल दुरुस्तीपासून ड्रोनपर्यंत बरंच काही उलगडतं.

बडोद्याला हा उद्योग शोभतोही. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये इथे कलाभवन सुरू केलं, त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. हाताने काम करत, देशी भाषेतून तंत्र शिकायचं हा त्यामागचा विचार. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा त्याच परंपरेतली.

बोर्ड कोणता घ्यायचा

सिंगल-बोर्ड कॉम्प्युटर म्हणजे एकाच पाटीवर प्रोसेसर, मेमरी, सगळं बसवलेला संगणक. रास्पबेरी पाय २०१२ च्या फेब्रुवारीत आला. अमेरिकेतल्या अ‍ॅडाफ्रूटने २०१४ मध्ये 'पायगर्ल' नावाच्या घरगुती गेम मशीनचा आराखडा खुला केला, आणि २०१६ मध्ये 'वर्मी' या टोपणनावाच्या एका हौशी कारागिराने जुन्या गेम बॉयच्या खोक्यात पाय झीरो बसवून दाखवला. तेव्हापासून जगभर हे वेड पसरलं.

आज या कामाला रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा बोर्ड बरा. ६५ बाय ३० मिलिमीटर, म्हणजे च्युइंगमच्या पाकिटाएवढा. चार कोअरचा १ गिगाहर्ट्झ प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो आला तेव्हाची जाहीर किंमत १५ डॉलर; आपल्याकडे कर आणि वाहतूक धरून जास्त पडते. नव्वदच्या दशकातले टीव्ही गेम, गेम बॉय, सेगा हे सगळं तो आरामात चालवतो. त्याहून मोठा पाय ४ किंवा ५ घ्यायचा मोह होतो, पण तो बॅटरी पितो आणि तापतो. हातात धरायच्या मशीनला नकोच.

सोल्डरिंगची सवय नसेल तर पिना आधीच लावलेला बोर्ड मागवा. सुट्या भागांसाठी ऑनलाइन दुकानं आहेतच. मुंबईला जाणं होत असेल तर लॅमिंग्टन रोड, पुण्याला बुधवार पेठेतली तपकीर गल्ली.

स्क्रीनचं गणित

इथे बहुतेकांचा पहिला हिरमोड होतो. स्वस्तातली २.८ इंची, ३२० बाय २४० ठिपक्यांची आयएलआय९३४१ स्क्रीन एसपीआय तारांवर चालते. एका चित्राचे ठिपके ७६,८००, प्रत्येकाला १६ बिट, म्हणजे एका चित्राला १२ लाख २८ हजार ८०० बिट. सेकंदाला ६० चित्रं पाठवायची तर ७ कोटी ३७ लाख बिट लागतात. ४० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या तारेतून जातात ४ कोटी. मग सेकंदाला ३२ चित्रं, आणि मारिओ अडखळत उडी मारतो.

यावर तोड आहे. 'एफबीसीपी-आयएलआय९३४१' हा मोफत प्रोग्राम फक्त बदललेले ठिपके पाठवतो, आणि खेळ गुळगुळीत चालतो. मात्र तो रास्पबेरीच्या जुन्या चित्र-व्यवस्थेवर अवलंबून आहे. नव्यातली नवी सिस्टीम टाकली की स्क्रीन काळी, आणि माणूस दोन दिवस वायरी तपासत बसतो. वायर बरोबर असते हो, सिस्टीम चुकीची असते. रेट्रोपायची ४.८ आवृत्ती जुन्या पायावर उभी आहे, ती घ्यावी.

३२० बाय २४० लहान वाटेल, पण जुन्या टीव्ही गेमचं चित्र २५६ बाय २४० होतं आणि गेम बॉयचं तर १६० बाय १४४. पुरतं.

बॅटरी : इथे घाई नको

या कामात जीवाला धोका असेल तर तो इथेच, म्हणून जरा सविस्तर.

लिथियम सेल ३.७ व्होल्टचा म्हणतात. पूर्ण भरला की ४.२, रिकामा झाला की ३ च्या आसपास. बोर्डाला लागतात ५ व्होल्ट. म्हणजे दोन कामं : सेल नीट चार्ज करणं, आणि व्होल्टेज वाढवून देणं. चार्जिंगला टीपी४०५६ चं छोटं मॉड्यूल सगळीकडे मिळतं. ते घेताना टोकं मोजा. चार टोकं म्हणजे नुसता चार्जर, सहा टोकं म्हणजे संरक्षण सर्किटसकट. सहाचंच घ्या.

हे मॉड्यूल येतं तेव्हा १ अँपिअरने चार्ज करायला लावलेलं असतं. ५००-६०० एमएएचच्या चपट्या बॅटरीला एवढा करंट जास्त होतो, ती तापते. त्यावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर बदलून २ किलोओहमचा लावला की करंट ५८० मिलिअँपिअरवर येतो. २००० एमएएचची बॅटरी असेल तर हा उपद्व्याप नको.

व्होल्टेज वाढवायला एमटी३६०८. याच्यावर एक पितळी स्क्रू असतो, तो फिरवून ५ व्होल्ट ठरवायचे, आणि तेही मल्टिमीटर लावून, बोर्ड जोडण्याआधी. मी पहिल्या वेळी हे केलं नाही. मॉड्यूल वाट्टेल त्या व्होल्टेजवर होतं, बोर्डातून बारीकसा वास आला आणि संपलं. दोनशे रुपयांचा मीटर आधी घेतला असता तर बोर्डाचे पैसे वाचले असते.

आणखी एक खाचखळगा. बॅटरीच्या छोट्या पांढऱ्या कनेक्टरमध्ये लाल-काळ्या वायरची बाजू प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकते. कनेक्टर बसला म्हणजे बरोबर बसला असं नाही. प्लस-मायनस मीटरवर पाहूनच लावा.

भंगारातल्या लॅपटॉप बॅटरीचे सेल काढून वापरायची टूम सगळीकडे आहे. फुकट पडतं हे खरं. पण फुगलेला, चेपलेला किंवा २.५ व्होल्टच्या खाली गेलेला सेल परत जिवंत करू नका. सेलच्या टोकाला थेट सोल्डरिंग आयर्न टेकवू नका, पट्टी लावलेला सेल आणा. पहिलं चार्जिंग गादीवर नाही, फरशीवर आणि नजरेसमोर.

किती वेळ चालेल? बोर्ड, स्क्रीन, आवाज मिळून साधारण अडीच वॉट धरा. २००० एमएएच गुणिले ३.७ म्हणजे ७.४ वॉट-तास, व्होल्टेज वाढवताना १५ टक्के वाया गेले तर उरतात ६.३. अडीच तास खेळ. मूळ गेम बॉय १९८९ मध्ये चार पेन्सिल सेलवर याहून कितीतरी जास्त चालायचा, कारण त्याला रंगीत स्क्रीन नव्हती आणि मागे दिवाही नव्हता.

बटणं आणि आवाज

बटणं सोपी. ६ मिलिमीटरची टक-टक वाजणारी टॅक्टाइल बटणं घ्या. एक पाय बोर्डाच्या पिनला, दुसरा ग्राउंडला. दिशांची चार, ए-बी-एक्स-वाय चार, खांद्याची दोन, स्टार्ट आणि सिलेक्ट, एकूण १२. स्क्रीनला सहा पिना, आवाजाला तीन, बंद करायला एक. झाल्या २२, आणि वापरण्याजोग्या पिना २६ आहेत. म्हणजे बसतं, पण काही पिना स्क्रीन आणि आवाजासाठी ठरलेल्या असतात, म्हणून आधी कागदावर तक्ता करा. या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. चुकून ५ व्होल्टची वायर लागली तर पिन किंवा अख्खा बोर्ड जातो.

झीरोला हेडफोनचं भोक नाही. मॅक्स९८३५७ए चा छोटा अ‍ॅम्प्लिफायर लावला की एका स्पीकरवर स्वच्छ आवाज येतो. नुसता पिनवरून काढलेला आवाज खरखरतो.

बंद करण्याचं बटण विसरू नका. वीज खटकन तोडली की मेमरी कार्डावरच्या फायली बिघडतात आणि सगळं परत टाकावं लागतं. जीपीआयओ ३ वर बटण लावून सेटिंग केलं की त्याच बटणाने मशीन नीट बंद होते आणि परत चालूही होते. त्यानंतरच बॅटरीचा स्विच ओढायचा.

केस आणि बडोद्याचा मे महिना

थ्रीडी प्रिंटची केस छान दिसते. पण साधं पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. बडोद्यात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर मशीन ठेवली तर केस वाकलीच समजा. पीईटीजी जास्त तग धरतं. प्रोसेसरही ८० अंशांना पोचला की स्वतःहून वेग कमी करतो, तेव्हा त्यावर अ‍ॅल्युमिनियमची छोटी हीटसिंक चिकटवा आणि केसला मागे चार भोकं ठेवा. प्रिंटर नसेल तर प्लास्टिकचा चपटा डबा कापून पहिली मशीन बनवा. ओबडधोबड होईल, होऊ दे.

गेम कुठून आणायचे

रेट्रोपाय, रिकॉलबॉक्स, लक्का या प्रणाली मोफत आणि वैध आहेत. अडचण गेमच्या फायलींची. खेळ जुना झाला म्हणून हक्क संपत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये स्वतःकडे रीतसर असलेल्या प्रोग्रामची सुरक्षेपुरती प्रत काढायची मुभा आहे. आपल्या लहानपणीच्या '९९९९ इन १' कॅसेटी मुळातच नकली होत्या, त्यामुळे ती सबब चालत नाही! दहा हजार गेम भरलेलं कार्ड विकत घेणंही धोक्याचं : बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला कलम ६३-ब मध्ये कैद आणि दंड दोन्ही सांगितले आहेत.

रीतसर मोफत गेम आहेत. 'केव्ह स्टोरी' हा एका जपानी माणसाने एकट्याने बनवून २००४ मध्ये फुकट दिलेला खेळ, 'बिनीथ अ स्टील स्काय', 'फ्रीडूम', आणि हौशी लोकांचे कितीतरी.

याहून मजा स्वतःचा गेम बनवण्यात. जीबी स्टुडिओ हा मोफत प्रोग्राम कोड न लिहिता गेम बॉयसाठी खेळ बनवून देतो. त्यात मराठी घालायची तर मात्र मेहनत आहे. तिथलं अक्षर ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटीत बसवलेलं असतं. इंग्रजी 'ए' त्यात मावतो. आपला 'र्की' किंवा 'कृ' नाही, कारण वेलांटी-रफार वर जातो आणि ऋकार खाली उतरतो. त्यामुळे शब्द चित्र म्हणून काढावा लागतो, १६ ठिपके उंचीचा, एकेक ठिपका भरत. 'सुरू करा' एवढं लिहायला एक संध्याकाळ जाते. लहान मुलांना हे काम द्या, ती चौकटीच्या वहीत आधी रंगवून मग संगणकावर उतरवतात.