शंभर किलोंची गोष्ट

तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर रेसच्या गाड्यांवर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. रास्त आहे. मी अशी गाडी कधी चालवलेली नाही. पण जर्मनीत स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर विचारलं, "सर, सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर चालवायला गाडी घ्यायची आहे. कोणती घेऊ?" त्याला उत्तर द्यायचं म्हणून मी इतिहास वाचायला बसलो.

तो जिथे गाडी नेणार होता, तिथूनच सुरुवात करू. जर्मनीच्या पश्चिमेला आयफेलचा डोंगराळ भाग आहे. तिथे १९२५ साली नुर्बुर्गरिंग बांधायला घेतला. गरीब मुलुख, हाताला काम नाही. बेरोजगारांना काम मिळावं हाही त्यामागचा एक हेतू होता. जून १९२७ मध्ये ट्रॅक सुरू झाला. विशेष म्हणजे तो केवळ शर्यतपटूंसाठी नव्हता. शर्यत नसेल तेव्हा पैसे भरून कोणीही आपली गाडी तिथे चालवू शकत असे. आजही त्याच्या उत्तरेकडच्या जवळजवळ २१ किलोमीटरच्या वळणावळणाच्या भागावर ही सोय आहे. या वेळांत कायद्याने तो एकेरी टोल रस्ता असतो. वाहतुकीचे नियम लागू, आणि घड्याळ लावून वेळ मोजायला बंदी.

१ ऑगस्ट १९७६ रोजी याच भागावर निकी लाउडाची गाडी पेटली. तो कसाबसा वाचला, पण फॉर्म्युला वनची शर्यत त्यानंतर तिथे पुन्हा झाली नाही. जगातल्या उत्तमोत्तम चालकांसाठी जो रस्ता धोक्याचा ठरला, तो हौशी माणसासाठी उघडाच राहिला. गंमत वाटते ना? मला जरा भीतीही वाटते.

आता गाडीकडे येऊ. ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात पोर्शेने ९११ कॅरेरा आरएस २.७ मांडली. शर्यतीच्या नियमासाठी अशा ५०० गाड्या बनवणं भाग होतं. इंजिन होतं २१० अश्वशक्तीचं. पण खरी करामत वजाबाकीची होती. पत्रा पातळ, काचा पातळ, मागची सीट काढलेली, घड्याळ काढलेलं, दार ओढायला साधा पट्टा. वजन सुमारे ९७५ किलो.

पाचशे गाड्या विकणं कठीण जाईल अशी धास्ती होती. प्रत्यक्षात एकूण १,५८० बनल्या. आणि बघा हं, त्यातल्या १,३०८ गाड्या टूरिंग प्रकारच्या होत्या, म्हणजे सुखसोयी परत बसवलेल्या आणि सुमारे शंभर किलो जड. सडपातळ स्पोर्ट प्रकार घेणारे निघाले अवघे २००. लोकांना हलकेपणाची कीर्ती हवी होती, हलकेपणा नको होता! यात हसण्यासारखं काही नाही. ज्याला गाडी रोज रस्त्यावर चालवायची, त्याचं ते बरोबरच होतं. प्रश्न एवढाच, की वस्तू आपण कशासाठी घेतो हे स्वतःला ठाऊक आहे का?

कारण ट्रॅकवर हा हिशोब उघडा पडतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून ताशी २०० वरून १०० वर येताना ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते, ती १०० वरून थांबताना होणाऱ्या उष्णतेच्या तिप्पट असते. प्रत्येक वळणाआधी ही तिप्पट! त्यात वजनाचा प्रत्येक किलो भर घालतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. ते उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ तळाला जातं.

म्हणून मी त्याला सांगितलं, "अरे बाबा, अश्वशक्ती शेवटी बघ. आधी हलकी गाडी बघ. तिचे टायर आणि ब्रेक पॅड तुला पुन्हा पुन्हा परवडतात का, ते बघ. ब्रेक ऑइल ताजं ठेव. शेवटची फेरी सावकाश मार, ब्रेक निवू देत, आणि उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नकोस. विम्याचा कागद नीट वाच. ट्रॅकवरचं नुकसान पुष्कळ पॉलिसींत बसत नाही. कठडा मोडलास तर त्याचंही बिल येतं. आणि गाडी आपटली तर सोडून देता येईल, एवढ्याच किमतीची घे."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, म्हणजे मला हवी होती ती नको."

"ते मी कसं सांगू?" मी म्हटलं. "त्या १,३०८ जणांत तू आहेस की २०० जणांत, एवढं आधी ठरव."

त्याने अजून गाडी घेतलेली नाही. विचार करतोय म्हणे. मास्तराला आणखी काय हवं?

आता प्रश्न घेऊ.