मुलांचा पक्षाघात : ‘का झाला?’ पासून ‘परत होईल का?’ पर्यंत

लकवा हा म्हातारपणाचा आजार, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पण लहान मुलाच्याही मेंदूतली धमनी बंद होऊ शकते आणि शरीराची एक बाजू लुळी पडू शकते. असं झालं की आईवडील दोन प्रश्न विचारतात. हे का झालं? आणि परत होईल का? पहिल्या प्रश्नासाठी डॉक्टरांनी कारणांचे कप्पे कसे पाडले आणि दुसऱ्या प्रश्नामुळे ते कप्पे कसे बदलावे लागले, हा आजचा विषय.

सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी करू. १८८९ मध्ये विल्यम ऑस्लर यांचं मुलांच्या मेंदूजन्य पक्षाघातांवरचं पुस्तक आलं. दोनच वर्षांनी व्हिएन्नात ऑस्कर री आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी मुलांच्या अर्धांगवायूवर अभ्यास प्रसिद्ध केला. हो, तेच फ्रॉइड. मनोविश्लेषणाकडे वळण्यापूर्वी ते मज्जासंस्थेचे डॉक्टर होते. या मंडळींची अडचण लक्षात घ्या. जिवंत मुलाच्या कवटीतली धमनी बघायची सोयच नव्हती. त्यामुळे वर्गवारी व्हायची ती बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींवर : कोणता हात, कोणता पाय, कितव्या वर्षी, आधी कोणता ताप येऊन गेला.

१९२७ मध्ये लिस्बनला एगास मोनिझ यांनी धमनीत औषध सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं क्ष-किरण चित्र काढलं आणि बंद दार उघडलं. या तंत्रामुळेच जपानी डॉक्टरांना एक वेगळा आजार सापडला. मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्या हळूहळू अरुंद होतात आणि त्यांच्या आसपास बारीक वाहिन्यांचं जाळं वाढतं. चित्रात ते धुराच्या लोटासारखं दिसतं. सुझुकी आणि ताकाकू यांनी १९६९ मध्ये त्याला नाव दिलं ‘मोयामोया’. आता निदान लक्षणांवरून न होता धमनीच्या आकारावरून होऊ लागलं.

तरी अडचण संपली नाही. १९९३ मध्ये मोठ्यांच्या पक्षाघातासाठी ‘टोस्ट’ नावाची वर्गवारी आली. तिच्यात पाच कप्पे होते. पहिला धमन्यांत चरबी साचून होणाऱ्या अडथळ्याचा, दुसरा हृदयातून सुटलेल्या गुठळीचा, तिसरा बारीक वाहिन्यांचा, चौथा ‘इतर’ कारणांचा आणि पाचवा कारण न ठरलेल्यांचा. मुलांच्या धमन्यांत अशी चरबी साचलेली क्वचितच असते. मग हृदयाचे आजार सोडले, तर बहुतेक मुलं शेवटच्या दोन कप्प्यांत जाऊन पडायची. ‘इतर’ असं लिहिलेल्या कागदावरून पुढचा धोका कसा सांगणार?

धोका आधी ओळखता येतो हे पक्कं दाखवलं सिकलसेलच्या मुलांनी. अमेरिकेतल्या ‘स्टॉप’ अभ्यासात डोक्यावर सोनोग्राफीचं यंत्र धरून धमनीतल्या रक्ताचा वेग मोजला. ज्यांचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त, अशा १३० मुलांपैकी काहींना नियमित रक्त दिलं, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. १९९८ मध्ये निकाल छापून आला : रक्त मिळालेल्या गटात पक्षाघाताचा धोका ९२ टक्क्यांनी घटला. आपल्या विदर्भात सिकलसेल घरोघरी माहीत आहे, तेव्हा ही गोष्ट आपल्यापासून फार दूरची नाही. नुसतं आजाराचं नाव कळून भागलं नव्हतं. कोणत्या मुलाला रक्त द्यायचं हे धमनीने सांगितलं.

बाकीच्या मुलांचं काय? २००७ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या मुलांचा अभ्यास आला. नवजात वय ओलांडल्यावर पक्षाघात झालेल्या मुलांत ज्यांच्या रक्तवाहिन्यांची चित्रं स्वच्छ होती, त्यांच्यापैकी कोणालाही दुसरा झटका आला नाही. ज्यांच्या वाहिन्यांत दोष होता, त्यांच्यात पाच वर्षांत पुन्हा झटका येण्याचं प्रमाण ६६ टक्के निघालं. एवढी तफावत! म्हणजे दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी होतं, धमनीच्या भिंतीत.

यातूनच २०१२ मध्ये ‘कॅस्केड’ ही खास मुलांसाठीची वर्गवारी तयार झाली. तिच्यात धमनीच्या दोषांनाच चार कप्पे आहेत : बारीक वाहिन्यांचा, मेंदूत एकाच बाजूचा, दोन्ही बाजूंचा, आणि महाधमनी व मानेतल्या धमन्यांचा. त्यापुढे हृदयातून आलेली गुठळी, इतर कारणं, आणि एकापेक्षा जास्त कारणं. पुढे २०१६ मध्ये ३५५ मुलांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात वर्षभरात पुन्हा झटका येण्याचं प्रमाण सुमारे १२ टक्के दिसलं, आणि तो धोका सांगणारी एकच गोष्ट ठरली : धमनीचा दोष.

एक मेख मात्र आहे. कांजिण्यांनंतर काही महिन्यांनी एका बाजूची धमनी सुजून अरुंद होऊ शकते. ती बहुधा काही काळाने स्थिरावते. मोयामोयाची सुरुवातही कधी कधी एकाच बाजूने होते, पण तो वाढत जातो. पहिल्या दिवशी दोन्ही चित्रं सारखी दिसू शकतात. म्हणून काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय काढावा लागतो, आणि मूल एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊ शकतं. एकाला ॲस्पिरिन आणि देखरेख पुरते, दुसऱ्याला मेंदूला नवा रक्तपुरवठा जोडणारी शस्त्रक्रिया लागू शकते. तेव्हा मूल चालायला लागलं, हात हलवायला लागलं, म्हणून पुढची तपासणी टाळू नये. हात सुधारला याचा अर्थ धमनी सुधारली असा होत नाही, आणि दुसरा झटका येणार की नाही हे धमनीवर ठरतं.