काविळीवरील प्रकाश आणि दम्याचा आरोप

हैदराबादेतील कोठी या गजबजलेल्या भागास ते नाव ब्रिटिश रेसिडेंटाच्या कोठीवरून मिळाले. या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ साली क्लोरोफॉर्मच्या चौकशीसाठी दोन मंडळे बसली. दुसऱ्या चौकशीस निजाम सरकारने द्रव्यसाहाय्य दिले, आणि ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकातर्फे लॉडर ब्रंटन जातीने आले. शेकडो जनावरांवर प्रयोग होऊन निर्णय झाला : क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वास थांबून, हृदयावर त्याचा थेट आघात होत नाही. पुढे १९११ साली लेव्ही यांनी दाखवून दिले की, हलक्या गुंगीतही हृदयाची लय एकाएकी बिघडून मृत्यू ओढवतो. पुरावा विपुल होता. परंतु विपुल पुरावा निर्णायक असतोच असे नाही.

आज असाच एक उपचार चौकशीच्या पिंजऱ्यात उभा आहे. इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील इस्पितळात सिस्टर वॉर्ड नवजात अर्भकांना अंगणात उन्हात नेत असत. १९५६ साली त्यांनी डॉक्टरांना एक मूल दाखविले. त्याची कांती निवळली होती. चादरीच्या कोपऱ्याने झाकलेला भाग तेवढा पिवळाच होता. या निरीक्षणावरून क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग १९५८ साली त्याच ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. कातडीतील बिलीरुबिन या पिवळ्या द्रव्याचे रूप प्रकाशाने पालटते व ते पित्तावाटे आणि लघवीवाटे बाहेर पडते.

अशा मुलांना पुढे दमा अधिक होतो काय, हा प्रश्न २००७ साली स्वीडनमधील एका अभ्यासाने पुढे आणला. प्रकाश घेतलेल्या मुलांत दम्यासाठी इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाण अधिक आढळले. परंतु प्रकाश द्यावयाचा तो कावीळ झालेल्यासच. गुन्ह्याच्या जागी दोघे एकत्र दिसले, तर अपराधी कोणता, हे केवळ त्यांच्या उपस्थितीवरून कसे ठरावे? शिवाय अपुऱ्या दिवसांच्या मुलांस कावीळही अधिक होते आणि त्यांची फुप्फुसेही नाजूक असतात.

२०१८ साली उत्तर कॅलिफोर्नियातील १ लाखाहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यम काविळीच्या मुलांत दमा किंचित अधिक दिसला. पण कावीळ जितकी तीव्र तितका दमा अधिक, अशी चढती साखळी मात्र आढळली नाही. प्रकाशाने कावीळ आवरल्यामुळे दमा टळतो, असेही दिसले नाही.

तेव्हा आरोप सिद्ध झालेला नाही, आणि चौकशीही संपलेली नाही. पण तीव्र काविळीचा अपराध मात्र निर्विवाद आहे. ती मेंदूत शिरली, तर बहिरेपण व आयुष्यभराचे अपंगत्व, प्रसंगी मृत्यूही, पदरी येतो. म्हणून गरज नसता प्रकाश देऊ नये हे जितके खरे, तितकेच दम्याच्या शंकेपायी डॉक्टरांनी आवश्यक ठरविलेला प्रकाश नाकारू नये, हेही खरे. संशयाचा फायदा द्यावयाचाच, तर तो बालकाच्या मेंदूस द्यावा.