हैदराबादच्या तलावांतील मासे आणि मत्स्यबीज

हैदराबाद ज्या ग्रॅनाइटच्या पठारावर वसले आहे, तेथील जवळजवळ सगळे तलाव माणसाने ओढ्यानाल्यांवर बांध घालून तयार केलेले आहेत. त्यामुळे या तलावांतले मासेही दोनच वाटांनी आले: काही मुसी नदी आणि तिच्या ओढ्यांमधून पुराबरोबर आले, तर काही माणसाने आणून सोडले. पहिल्या वाटेने आलेल्या माशांचे राज्य साधारण चार शतके टिकले. दुसऱ्या वाटेने आलेल्यांनी गेल्या सत्तर वर्षांत ते बहुतांशी आपल्याकडे घेतले. शहराने आपले पाणी कसे वापरले याचा हिशेब या बदलात वाचता येतो.

तेलंगणात तलाव बांधण्याची परंपरा काकतीय राजांच्या काळापासूनची आहे. वरंगळ परिसरातील पाखाल, रामप्पा आणि लक्नवरम हे तेराव्या शतकातील तलाव आजही पाणी धरून आहेत. कुतुबशाहीत तीच परंपरा पुढे चालली. इब्राहिम कुतुबशाहाच्या कारकिर्दीत, १५६२च्या सुमारास, हुसेन शाह वली यांच्या देखरेखीखाली हुसेन सागर बांधला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मीर आलम तलाव तयार झाला. त्याचा बांध एकवीस अर्धवर्तुळाकार कमानींचा आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला आलेल्या महापुराने शहराची अपरिमित हानी केली. त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने पूरनियंत्रणाची योजना आखली गेली. तिच्यातून १९२० मध्ये मुसीवर उस्मान सागर आणि १९२७ मध्ये तिची उपनदी ईसी हिच्यावर हिमायत सागर उभा राहिला. मंजिरा नदीवरचा निजाम सागर १९३१ मध्ये पूर्ण झाला. सिंचन, पिण्याचे पाणी आणि पूरनियंत्रण हे या बांधकामांचे हेतू होते. मासे हे त्या पाण्याचे आपोआप मिळालेले उत्पन्न होते.

मुसी वाडपल्लीजवळ कृष्णेला मिळते. भीमाही कृष्णेलाच मिळते. म्हणून हैदराबादच्या तलावांत मुळात जे मासे होते ते पुणे-सोलापूरकडच्या नद्यांतील माशांचेच भाऊबंद होते. या खोऱ्यातील माशांची पहिली शास्त्रीय नोंद कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी केली. दख्खनच्या माशांवरचे त्यांचे लेखन १८३९ ते १८४१ या काळात लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने छापले. भीमा आणि तिच्या उपनद्यांवरील कोळी-भोयांकडून ऐकलेली नावेच त्यांनी अनेक माशांना शास्त्रीय नावे म्हणून दिली. लाबेओ पोटेल, लाबेओ बोग्गट, लाबेओ कवरस ही नावे आजही प्राणिशास्त्रात चालू आहेत. निजामाच्या राज्यातील माशांची पद्धतशीर पाहणी मात्र विसाव्या शतकाच्या चाळिशीत झाली. एम. रहिमुल्ला आणि एस. महमूद यांनी हैदराबाद राज्यातील माशांच्या पाहणीचे लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमाने प्रसिद्ध केले. मराठवाडा त्या वेळी याच राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याचे विभाजन झाले, तेव्हा मराठवाड्यातील गोदावरीकाठचे आणि मुसीकाठचे मत्स्यव्यवसाय दोन वेगळ्या राज्यांच्या कारभाराखाली गेले.

जुन्या तलावांतील माशांत मरळ, शिवडा, शिंगटा, वाम आणि लहान चणीचे असंख्य कार्प होते. त्यांतला मरळ या पाण्याला सर्वांत चांगला रुळला. तेलुगूत त्याला कोर्रामीनू म्हणतात. तो हवेतला प्राणवायू थेट घेऊ शकतो, म्हणून उन्हाळ्यात तलाव आटला तरी ओल्या चिखलात काही काळ तग धरतो. विणीच्या वेळी जोडी काठाजवळच्या उथळ पाण्यात, पाणवनस्पतींमध्ये जागा साफ करून अंडी घालते आणि राखण करते. पिल्ले नारिंगी-तांबड्या रंगाची असतात. ती शेकड्यांनी एकत्र पोहतात, तेव्हा पाण्याच्या वरच्या थरात एक तांबूस ठिपका सरकताना दिसतो आणि त्याच्या खालीच मोठा मासा पहाऱ्यावर असतो. अशा माशाला कोणी बाहेरून बीज आणून सोडण्याची गरज नसते. त्याला लागतो तो फक्त शाबूत काठ.

कटला, रोहू आणि मृगळ या मोठ्या कार्पांचे तसे नाही. हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातील मासे. ते झपाट्याने वाढतात, प्लवक, पाणवनस्पती आणि तळातले सेंद्रिय द्रव्य खातात, म्हणून तलावात ठेवण्यास अत्यंत सोयीचे ठरतात. पण त्यांची वीण वाहत्या, पुराच्या पाण्यात होते. साठलेल्या पाण्यात मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण ती बहुधा घातली जात नाहीत. म्हणजे तलावात कटला हवा असेल तर तो दर पावसाळ्यात नव्याने सोडावा लागतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या माशांचे बीज बंगालच्या नद्यांतून जाळ्यांनी गोळा करून आणावे लागे. मातीच्या हंड्यांत पाणी भरून त्यात ते रेल्वेने दूरवर पाठवले जाई. वाटेत हंड्या हलवून आणि पाणी बदलून पिल्ले जगवावी लागत, आणि नदीतून गोळा केल्यामुळे त्यात नको त्या, खादाड माशांची पिल्लेही मिसळलेली असत.

ही अडचण १० जुलै १९५७ रोजी दूर झाली. ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्पांची बंद पाण्यात वीण घडवून आणली. ग्रंथी बाजारात विकल्या जाणाऱ्या माशांच्या डोक्यांतून काढता येत असल्याने हे तंत्र स्वस्तही होते. १० जुलै हा दिवस आता राष्ट्रीय मत्स्यपालक दिन म्हणून पाळला जातो. यानंतर बीजासाठी बंगालवर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही. धरणाच्या पायथ्याशीच बीजकेंद्रे उभी राहू लागली.

त्याच दशकात परदेशी मासेही आले. मोझांबिक तिलापिया, म्हणजे महाराष्ट्रातल्या मच्छीमारांचा चिलापी, १९५२ मध्ये भारतात आणला गेला. सायप्रिनसची बँकॉकहून आणलेली जात १९५७ मध्ये आली. चंदेरा १९५९ मध्ये जपानहून आणि गवत्या त्याच वर्षी हाँगकाँगहून आला. यांपैकी चिलापी साठलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा वितो. त्यामुळे तो एकदा सोडला की पुन्हा काढून टाकणे जवळजवळ अशक्य होते. भीमेवरचे उजनी धरण हे त्याचे मराठी वाचकांना परिचित उदाहरण आहे. माशांच्या आयातीमागे नेहमी खाद्याचाच विचार होता असे नाही. डासांच्या अळ्या खाणारा गॅम्बुसिया १९२८ मध्ये हिवतापाविरुद्ध भारतात आणला गेला. डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी हैदराबादलगतच्या सिकंदराबादेतच सापडला होता. हैदराबादची महापालिका आजही तलावांत गॅम्बुसिया सोडते.

मासे सोडण्याच्या जागतिक इतिहासात ट्राउटचे स्थान वेगळे आहे, आणि हैदराबादच्या पाण्याची मर्यादा त्याच्या तुलनेने स्पष्ट होते. थंड, प्राणवायूने भरलेले पाणी ही ट्राउटची अट असते. पाणी २० अंश सेल्सियसच्या वर गेले की त्याचे हाल सुरू होतात. भारतात तो ब्रिटिश काळात आला. काश्मीरमध्ये स्कॉटलंडहून आलेली अंडी १९०० मध्ये यशस्वीपणे रुजली, आणि निलगिरीत अनेक अपयशी प्रयत्नांनंतर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो स्थिरावला. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील लोखंडाच्या खाणी बंद पडल्यावर त्यांचे खड्डे भूजलाने भरले. हे खड्डे खोल, उभ्या कडांचे आणि थंड असल्याने तेथील राज्य सरकार त्यात रेनबो ट्राउट सोडते. तेथेही ट्राउट सहसा वीत नाही. त्याला वाहता, खडीचा ओढा लागतो. म्हणून साठा वारंवार भरावा लागतो. भारतातील पाणी भरलेल्या खाणींत थंडीचा हा फायदा मिळत नाही. झारखंडच्या रामगढ जिल्ह्यात कोळशाच्या बंद खाणीत मच्छीमारांनी तरंगत्या पिंजऱ्यांत मासे वाढवले आहेत, आणि त्यासाठी उष्ण पाण्यात वाढणारेच मासे निवडले आहेत. उभ्या कडांच्या खाणीत चरण्याजोगा उथळ काठ नसतो, म्हणून तेथे पिंजरा सोयीचा पडतो. हैदराबादच्या दक्षिणेला कंदुकूर परिसरात रेनबो ट्राउट वाढवला जातो, पण तो थंड ठेवलेल्या, पुन्हा पुन्हा शुद्ध केलेल्या पाण्याच्या बंदिस्त टाक्यांत. तलावात तो एक उन्हाळाही काढू शकणार नाही.

शहराच्या जीवनात माशाला मानाचे स्थान मृग नक्षत्राच्या दिवशी मिळते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मृग लागला की तेलंगणात मासे खाण्याची प्रथा आहे, आणि त्या दिवशी मुशीराबादचा मासळी बाजार पहाटेपासून भरून जातो. याच मुहूर्तावर बत्तिनी कुटुंब दम्याच्या रुग्णांना ‘मत्स्य प्रसाद’ देते. ही परंपरा १८४५ पासूनची असल्याचे कुटुंब सांगते. वनस्पतींचा लेप तोंडात भरलेले दोन-तीन इंच लांबीचे मरळाचे जिवंत पिल्लू रुग्णाला गिळायला दिले जाते. शाकाहारी लोकांना हाच लेप गुळात मिळतो. दूध बावली भागातील घरापासून सुरू झालेला हा कार्यक्रम गर्दी वाढल्यावर नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर हलला. महाराष्ट्रातूनही रुग्ण तेथे जातात. या उपचाराला वैद्यकशास्त्राचा आधार मिळालेला नाही. मात्र त्यासाठी लागणारी मरळाची पिल्ले राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग पुरवत आला आहे. जुलै २०१६ मध्ये तेलंगणाने मरळाला राज्यमासा म्हणून मान्यता दिली.

तेलंगणातील मासेमारी परंपरेने गंगापुत्र आणि मुदिराज समाजांच्या हाती आहे. तलावातील मासेमारीचा हक्क पूर्वी लिलावाने दिला जाई. पुढे तो सहकारी संस्थांकडे आला. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाल्यावर तलावांच्या गाळउपशासाठी मिशन काकतीय सुरू झाले. २०१६ मध्ये मच्छीमार संस्थांना मोफत मत्स्यबीज देण्याची योजना आली आणि पहिल्याच वर्षी २७ कोटींहून अधिक पिल्ले सोडण्यात आली. हंगामी तलावांत ३५ ते ४० मिलिमीटर लांबीचे बीज आणि बारमाही जलाशयांत ८० ते १०० मिलिमीटरची बोटुकली सोडतात. मोठ्या जलाशयात शिकारी मासे असल्याने लहान पिल्लू तेथे टिकत नाही. बीज प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून येते. ते थेट ओतायचे नसते. पिशवी आधी बांधलेली तशीच तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवतात. आतल्या आणि बाहेरच्या पाण्याचे तापमान सारखे झाले की तोंड सोडून तलावाचे थोडे पाणी आत घेतात, आणि मग पिल्ले आपणहून बाहेर पोहत जातात. ही थोडी सबुरी ठेवली नाही तर पिल्ले तापमानाच्या धक्क्यानेच मरतात. देशभरातील मत्स्यविकासाला साहाय्य करणारे राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळही २००६ पासून हैदराबादेतच आहे. राजेंद्रनगर भागातील त्याची इमारत माशाच्या आकाराची आहे.

बीजाची संख्या वाढत असताना शहरातील पाणी मात्र बिघडत गेले. हुसेन सागराचे पाणी १९३० पर्यंत पिण्यासाठी वापरले जात असे. पुढे बालानगर, सनतनगर, जिडिमेटला या औद्योगिक वसाहती वाढल्या आणि कुकटपल्ली नाल्यातून त्यांचे सांडपाणी शहराच्या मैल्यासह तलावात येऊ लागले. अशा पाण्यात नत्र आणि स्फुरद वाढून शेवाळ माजते. रात्री ते शेवाळ पाण्यातला प्राणवायू वापरून टाकते, आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेताना दिसतात. प्राणवायू आणखी घटला की मासे सामुदायिक रीतीने मरतात. पावसाच्या पहिल्या लोंढ्याने नाल्यातली घाण एकदम तलावात ढकलली तरी हेच घडते. कटला-रोहूंना हे सोसत नाही. चिलापी आणि आफ्रिकी मांगूर त्यातही निभावतात. म्हणून दूषित तलावात साठा हळूहळू त्यांच्याकडे झुकतो. आफ्रिकी मांगुराच्या पालनावर देशात बंदी आहे, तरी तो अनेक जलसाठ्यांत पोहोचला आहे. मत्स्यपेटीतून सुटलेला, पाठीवर चिलखतासारखे कवच असलेला सकरमाउथ मासाही तेलंगणात पसरला आहे. तो जाळी फाडतो आणि बाजारात त्याला किंमत नाही. पाण्यात मिसळलेल्या डीएनएच्या अंशावरून या माशाचा माग काढण्याचे तंत्र हैदराबादच्याच पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी विकसित केले आहे.

उस्मान सागर आणि हिमायत सागर यांच्या पाणलोटात बांधकामांवर मर्यादा घालणारा १११ क्रमांकाचा शासन आदेश १९९६ मध्ये निघाला. शहराच्या इतर तलावांच्या तुलनेत या दोन जलाशयांचे पाणी बरे राहिले, त्यात या आदेशाचा मोठा वाटा आहे. एप्रिल २०२२ मध्ये राज्य सरकारने ते निर्बंध उठवण्याचा निर्णय घेतला.

साडेचार शतकांच्या या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. मत्स्यबीज सोडल्याने मच्छीमाराच्या जाळ्यात एका हंगामाचे उत्पन्न येते, आणि हजारो कुटुंबांना त्याचा आधार आहे. पण सोडलेल्या पिल्लांची संख्या ही तलावाच्या आरोग्याची खूण नव्हे. ती खूण पाहायची असेल तर न सोडता वाढणारा मरळ पाहावा. ज्या तलावाचा उथळ काठ भराव टाकून बुजवलेला नाही आणि ज्याच्या नाल्यातून शुद्ध केल्याशिवाय पाणी येत नाही, तेथे तो आपली वीण आपणच सांभाळतो. काठ आणि नाले यांची राखण झाली तर बीजावरचा खर्च सत्कारणी लागेल. ती झाली नाही तर दर पावसाळ्यात सोडलेले मासे पुढच्या पहिल्याच लोंढ्यात मरत राहतील.