निंजापट, हाँगकाँगचे
निंजापट, हाँगकाँगचे : बुरखाधारी जपानी गुप्तयोद्ध्याला नायक वा खलनायक कल्पून १९८० नंतरच्या दशकात हाँगकाँगमध्ये अत्यल्प भांडवलावर काढण्यात आलेले व मुख्यत्वे व्हिडिओ कॅसेटद्वारे पाश्चात्त्य देशांत खपलेले हाणामारीचे चित्रपट. जपानमधील इगा व कोगा या भागांतील ऐतिहासिक निंजा हे टेहळणी, घातपात इ. कामे करीत. चित्रपटांतील निंजांशी त्यांचे नाते नावापुरतेच आहे.

ब्रूस लीच्या एंटर द ड्रॅगन (१९७३) या चित्रपटामुळे पूर्वेकडील युद्धकलांविषयी पश्चिमेत मोठे कुतूहल निर्माण झाले. त्याच वर्षी ली मरण पावला. मागणी मात्र टिकून राहिली. पुढे १९७६ मध्ये जपानात व्हीएचएस पद्धतीचे व्हिडिओ संच विक्रीस आले आणि कॅसेट भाड्याने देणारी दुकाने सर्वत्र निघाली. वेष्टनावरील चित्र पाहूनच गिऱ्हाईक पुष्कळदा कॅसेट निवडीत असे. कॅनन या कंपनीचा एंटर द निंजा (१९८१) हा मेनाहेम गोलानने फिलिपीन्समध्ये चित्रित केलेला चित्रपट या लाटेचा आरंभ होय. त्याचा नायक फ्रँको नीरो या युद्धकलेत तरबेज नव्हता. म्हणून लढतींत बुरख्याआड माइक स्टोन उभा राहिला. बुरख्याची ही सोय स्वस्त निर्मात्यांच्या ध्यानात आल्यावाचून राहिली नाही.

हाँगकाँगमध्ये जोसेफ लाय याची आयएफडी ही संस्था व दिग्दर्शक गॉडफ्री हो यांनी तिचा पुरेपूर उपयोग केला. हो याने पूर्वी शॉ ब्रदर्समध्ये चांग चे याचा साहाय्यक म्हणून काम केले होते. तेव्हा त्याला कसब नव्हते, असे म्हणता येत नाही. कोरिया, तैवान, थायलंड इ. देशांतील जुन्या चित्रपटांचे हक्क अल्प किंमतीत घ्यावयाचे, गोऱ्या नटांना निंजाच्या वेषात घेऊन थोडी नवी दृश्ये चित्रित करावयाची व दोहोंची सांधजोड करून वरून इंग्रजी संवाद चढवावयाचे, अशी ही पद्धत होती. दोन कथा जोडण्याचे हुकमी साधन दूरध्वनी : एका चित्रपटातील पात्र प्रश्न विचारी, दुसऱ्यातील पात्र उत्तर देई. निंजांचे पोशाख लाल, पिवळे अशा भडक रंगांचे असत आणि कपाळपट्टीवर इंग्रजीत ‘निंजा’ असे लिहिलेले असे. गुप्तयोद्ध्याने असे का करावे, हा प्रश्न विचारावयाचा नसतो.

निंजा टर्मिनेटर हा या प्रकाराचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. सुवर्णमूर्तीच्या तीन तुकड्यांसाठी त्यात झगडा चालतो, धमकीचा निरोप एक खेळण्यातला यंत्रमानव आणतो आणि नायक रिचर्ड हॅरिसन गारफील्ड या व्यंगचित्रातील मांजराच्या आकाराच्या दूरध्वनीवर कमालीच्या गांभीर्याने बोलतो. प्रेक्षकाला हसू येते ते या गांभीर्याचे. परंतु त्याच चित्रपटाच्या कोरियन भागातील ह्वांग जांग-ली याच्या लाथांची गती व अचूकता अस्सल आहे. डोक्यावरील सोनेरी केसांच्या टोपामुळे ती झाकली जात नाही.

या विनोदाची किंमत इतरांनी दिली. मूळ चित्रपट ज्यांनी घडविले, त्यांची ओळख नव्या नावाखाली बहुधा पुसली गेली. हॅरिसन हा इटालियन चित्रपटांतून नावारूपास आलेला अमेरिकन नट. शॉ ब्रदर्सच्या मार्को पोलो (१९७५) मध्येही त्याने काम केले होते. होबरोबर तो मोजक्याच चित्रपटांसाठी बांधला गेला होता. तथापि त्याची दृश्ये त्याहून कितीतरी अधिक चित्रपटांत वापरण्यात आली. यामुळे आपल्या लौकिकाची हानी झाली, असे त्याने पुढे मुलाखतींत सांगितले.

दशक सरता सरता निंजांचा बाजार ओसरला. हो याने नंतर सिंथिया रॉथरॉक या युद्धकलापटू अभिनेत्रीला घेऊन अमेरिकेत अनडिफीटेबल (१९९३) काढला. त्यात सांधजोड नव्हती. व्हिडिओ कॅसेटी बाद झाल्या, तरी त्यातील अखेरची लढत पुढे इंटरनेटवर असंख्य लोकांनी पाहिली. त्यांतील बहुतेकांना दिग्दर्शकाचे नाव ठाऊक नव्हते.